गाडीत काही दोष नाही

आमच्या घरी रात्रीचा भात बॉनेटच्या आवाजावर लागायचा. बिबवेवाडीत वर आमच्या दोन खोल्या, खाली रस्त्यालगत एक टेबल आणि दोन खुर्च्यांचं ऑफिस, आणि ऑफिसच्या दारात शिकवायची गाडी. शेवटचा शिकाऊ उतरून गेला की अण्णा, म्हणजे माझे वडील, बॉनेट उघडत, दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची एक वायर मोकळी करत, तिचं टोक जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवत आणि बॉनेट धाडकन आपटत. तो आवाज वर आला की आई तांदूळ धुवायला घेई. कुकरची शिट्टी होईपर्यंत अण्णा हातपाय धुऊन ताटावर हजर. आम्ही याला 'गाडी झोपवणं' म्हणत असू. अण्णांच्या आधीच्या गाडीत कुठेतरी करंट गळायचा, रात्रीत बॅटरी उतरायची आणि सकाळी शिकायला आलेल्या लोकांनाच धक्का मारायला लावायची पाळी यायची. तेव्हापासून लागलेली ही सवय. पुढे ती गाडी गेली, दुसरी आली, तीही कुणीतरी वापरून सोडलेलीच, पण इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटर नसलेली, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटरनं ठरवणारी. तिच्यात करंट गळत नव्हता, तरी अण्णा तिला रोज झोपवत राहिले. गाडीवर त्यांचा जीव होता, आणि जीव लावण्याची एवढीच रीत त्यांना येत होती. कधी घाईत विसरले तर जेवता जेवता उठून खाली जाऊन वायर काढून येत.

अण्णा मूळचे बिबवेवाडीचेच. त्यांच्या वडिलांच्या वेळी होती ती जमीन सोसायट्यांखाली गेली, अण्णांच्या वाट्याला आलं ते स्टिअरिंग. आधी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. आई वर्ध्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. अण्णांनी हौसेनं तिला गाडी शिकवली आणि मग एक दिवस असं लक्षात आलं की शिकवायला ती अण्णांपेक्षा बरी आहे. अण्णा शिकवताना ओरडायचे. आई ओरडत नसे. क्लच सोडायचा कसा हे ती बायकांना असं सांगे, "दूध वर आलं की गॅस कसा बारीक करता? एकदम बंद नाही करत नं? तेवढाच पाय उचलायचा." आणि आयुष्यभर दूध सांभाळलेल्या त्या बायका खरोखर तेवढाच पाय उचलत. अण्णांनी ऑफिसच्या आणि गाडीच्या काचेवर 'महिलांसाठी महिला प्रशिक्षक' असं रंगवून घेतलं, आणि आमच्या भागातल्या बायका आईकडे येऊ लागल्या.

सकाळ आणि संध्याकाळ अण्णांची, पुरुषांची. मधली भर दुपार आईची, कारण बायकांना तेव्हाच सवड. नवरे कामावर, मुलं शाळेत, ओटा आवरलेला. एक उतरली की दुसरी बसे, इंजिन बंदच होत नसे. ज्यांची पाळी झाली त्या ऑफिसात थांबत, डबे उघडत, आणि आई अधेमधे वरून गोळाभात नाहीतर पाटोडी घेऊन येई. त्यांना तो वऱ्हाडी तिखटपणा सोसत नसे, तरी नाक पुसत पुसत, खिदळत खात. मी कॉलेजातून आले की वर न जाता तिथंच बसायची. त्या हसण्याचा आवाज मी नंतर आमच्या घरात कधी ऐकला नाही, म्हणून तो इथं लिहून ठेवते आहे. आई मधोमध बसलेली असे, पदर खोचलेला, हातात गाडीची किल्ली, आणि सगळ्या तिला 'मॅडम' म्हणत. वर स्वयंपाकघरात ती कुणाची मॅडम नव्हती.

मग गाडी बंद पडू लागली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचं बंद पडणं म्हणजे काय बातमी! ती बंद पडण्यासाठीच असते. शिकाऊ माणूस क्लच झटकन सोडतो, गाडी गदगदते, हिसका देते, बंद होते. तो ओशाळतो, पुन्हा किल्ली फिरवतो. त्यामुळे पहिले कित्येक दिवस कुणी लक्षच दिलं नाही. लक्ष दिलं ते आईनं. जेवायला बसल्यावर एकदा म्हणाली, "अहो, ही गाडी आपली आपण बंद पडते."

"आपली आपण कशी पडंल?" अण्णा म्हणाले. "क्लच सोडत असतील बायका."

"क्लच सुटला की हिसका बसतो. हिला हिसका नाही, काही नाही. चालता चालता गप्पच होते. आणि मी बघितलंय, आधी तो आरपीएमचा काटा एकदम खाली झोपतो, मग इंजिन जातं. थोडं थांबलं, चहा पिऊन आलं, की लागते परत."

"माझ्या बॅचला नाय पडत ती बंद."

"तुमची बॅच थंडीवाऱ्याची. माझी उन्हाची. तापली की करते."

अण्णा भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "गाडीला बाया-पुरुष कळत नाय. शिकवताना जरा पायाकडं लक्ष दे." मी हसले. त्या वेळी ते विनोदीच वाटलं होतं.

आज मला त्या संभाषणाचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणानं. गाडीतल्या त्या बिघाडाचं संपूर्ण निदान आईनं त्या ताटावर करून टाकलं होतं. तापली की, काटा आधी, हिसका नाही, थंड झाली की चालू. पुढं मी या विषयावर बरंच वाचलं, कुणी विचारलं नसताना माहिती काढली, तेव्हा कळलं की निष्णात माणूसही याच चार गोष्टी विचारतो. पण आईनं त्या वरणभात वाढता वाढता सांगितल्या, म्हणून त्या तक्रारीत जमा झाल्या.

अण्णा अगदीच स्वस्थ बसले असं नाही. त्यांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले. त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकांनी एकेकानं एकेक गोष्ट सांगितली आणि अण्णांनी ती केली. कार्बोरेटरच्या गाडीत अण्णा नुसते कान लावून सांगायचे, हवा जास्त आहे की पेट्रोल. या गाडीपुढे त्यांचे कान चालेनात. सकाळी ती थोडी थरथरायची, इंजिनाचा आवाज वरखाली व्हायचा, मग सुरळीत. शेवटी आईच्या टोमण्यांनी कंटाळून ते गाडी घेऊन हडपसरला एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथं गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून दोष वाचून देत. अण्णा शहाणे, गर्दी नको म्हणून सकाळी उठल्या उठल्या बॅटरीची वायर लावली आणि सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले. स्कॅनरनं सांगितलं, एकही दोष नाही. आईनं पुन्हा हट्ट धरला तेव्हा पुन्हा गेले, पुन्हा भल्या सकाळी. पुन्हा तेच.

घरी येऊन ते बायकोला हरवल्याच्या आनंदात होते असं मी म्हणणार नाही. उलट त्यांना हायसं वाटलं होतं. "कॉम्प्युटर हाय त्यो," ते म्हणाले. "त्याला काय कुणाचं कौतुक? गाडीत काय नाय. आता तरी मान." आईनं मान्य केलं नाही, पण त्याबद्दल बोलणं सोडलं. तिनं दुपारी एक नवीच पद्धत सुरू केली. मध्येच गाडी सावलीत उभी करून बॉनेट उघडायचं, बायकांना पाणी प्यायला लावायचं आणि मग पुढं जायचं. बायकांना वाटे मॅडमना आपली दया येते. ती इंजिनाला थंड करत होती. एखाद्या आजारी माणसाचं आजारपण घरातले कुणीच मानत नसावेत आणि एकीनंच त्याचं पथ्य सांभाळावं, तसं ते चाललं होतं.

त्या दुपारी रोहिणीताई चालवत होत्या. त्या शाळेत शिकवायच्या, आईच्या सगळ्यांत आवडत्या, लायसन्सच्या परीक्षेला अगदी तयार. मला सुट्टी होती म्हणून मी मागच्या सीटवर बसले होते. आईमाता मंदिराकडे जाणारा चढ आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तो चढला म्हणजे गाडी आली, असं मानतात. आईनं सावलीत थांबायला सांगितलं होतं, पण रोहिणीताईंना शाळेत परत जायचं होतं, म्हणून थांबणं राहिलं. अर्ध्या चढावर पुढच्या दोन सीटांमधून मला तो काटा दिसला. आई सांगायची तसाच, एकदम खाली. हिसका नाही, धक्का नाही. इंजिनाची घरघर गेली आणि बाहेरची रहदारी एकाएकी मोठ्यानं ऐकू येऊ लागली. रोहिणीताईंनी ब्रेक दाबला, घाबरून सोडला, पुन्हा दाबला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो हे मला त्या दिवशी कळलं. आईच्या बाजूलाही एक ब्रेक होता, तिनं त्याच्यावर सगळा भार टाकला, हातानं हँडब्रेक ओढला, तरी तेवढ्यात गाडी मागं सरकलीच. मागं स्कूटरवर एक गृहस्थ होते. भाजी घेऊन निघालेले. पिशवी फुटून वांगी चढावरून खाली घरंगळत गेली, ती मला अजून दिसतात. त्यांचा पाय स्कूटरखाली मोडला होता.

लोक जमायला वेळ लागत नाही. कुणी त्यांना रिक्षात घातलं, कुणी काचेवरचं 'महिला प्रशिक्षक' मोठ्यानं वाचून दाखवलं. "शिकणारी बाई, शिकवणारी बाई, मग दुसरं काय होणार?" असं एकजण म्हणाला आणि दोघंतिघं हसले. रोहिणीताई रडत रडत सांगत होत्या, "अहो, गाडीच बंद पडली हो. मी काहीच केलं नाही." कोण ऐकतो! आई गाडीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती; ती वाट बघत होती. अण्णांची. मी फोन करून त्यांना बोलावलं होतं, आणि अण्णा येऊन आता या लोकांना सांगतील, ही गाडी गेले कित्येक दिवस त्रास देते आहे, माझी बायको मला सांगत होती, असं तिला वाटत असावं. मला तरी वाटत होतं.

अण्णा आले. घामाघूम, शर्टाची बटणं वरखाली. आईकडे न बघता ते आधी गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. मधे बराच वेळ गेला होता, इंजिन निवलं होतं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. अण्णांनी दोनदा रेस केली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "बघा, गाडीत काय दोष नाय." त्यांना ड्रायव्हिंग स्कूलचं नाव वाचवायचं होतं. शिकवायची गाडी सदोष आहे हे एकदा पसरलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी आलं नसतं, आणि पोलीस काय म्हणाले असते ते वेगळंच. हे सगळं मला आज समजतं. समजून त्याचा काही उपयोग होत नाही. मागची सीट रिकामी असताना आई गाडीत बसली नाही, घरापर्यंत चालत आली आणि मी तिच्याबरोबर चालत आले.

त्या गृहस्थांच्या घरी ती दररोज डबा पोचवू लागली. मऊ भात, मुगाचं वरण, पातळ भाजी. दारातच डबा देऊन यायची. एकदा मी सोबत गेले होते. ते पलंगावर, पाय उशीवर, हातात वर्तमानपत्र. फार सभ्य माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "अहो बाई, डबा कशाला आणता आपण? आमच्या घरी स्वयंपाक होतो. आपण फक्त शिकवणं सोडा, तेवढे उपकार पुष्कळ झाले." आई "बरं" म्हणाली. जिन्यात उतरताना तिनं आदल्या दिवशीचा रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. त्या दिवशी संध्याकाळी तिनं किल्ली ऑफिसच्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

बायकांचे फोन येत. "मॅडमना बरं नाही," असं अण्णा सांगत. काही दिवसांनी त्यांनी तेही सांगणं सोडलं आणि दुपारची बॅच स्वतः घ्यायला सुरुवात केली. निम्म्या बायका त्यांच्या ओरडण्यानं गेल्या. वर आई पूर्वीसारखाच स्वयंपाक करायची, पण गोळाभात बंद झाला, कुणी मागितलाही नाही. ती आमच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. भाजीत मीठ पुरेसं आहे का, कपडे वाळले का, एवढंच बोलायची. इतकं शांत घर मी नंतर कुठं पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

अण्णांना ते कळलं तेव्हाही दुपारच होती. शेवटच्या बाईला तिच्या घरी सोडून ते गाडी परत आणत होते, मी शेजारी बसले होते. मार्केट यार्डाजवळ भर रहदारीत काटा झोपला आणि गाडी गप्प झाली. अण्णांचा पाय क्लचवर नव्हताच. मागून हॉर्न वाजत होते आणि अण्णा नुसते त्या काट्याकडे बघत बसले होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "आगं, खरंच की." गाडी निवल्यावर आम्ही घरी न जाता तसेच हडपसरला गेलो. स्कॅनरवाल्या मुलानं वायर जोडली, पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, "काका, हा बघा. क्रँक सेन्सर. इंजिन किती फिरतंय ते हा कॉम्प्युटरला सांगतो. हा गरम होऊन गप्प बसला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं, मग तो पेट्रोल पण तोडतो, करंट पण तोडतो."

"पण दोनदा बघितलं तवा काय नव्हतं," अण्णा म्हणाले.

"बॅटरी काढली होती का मध्ये? या मॉडेलला बॅटरी काढली की सगळी मेमरी साफ होते. फॉल्ट राहतच नाही."

"रोज काढतो," अण्णा म्हणाले. "रोज संध्याकाळी."

मुलगा हसला. त्याला काय ठाऊक? "मग रोज पुसताय की काका! आणि सकाळी थरथरत असेल ना? हवा-पेट्रोल किती लागतं ते ती पण रोज नव्यानं शिकत असणार." त्यानं सेन्सर बदलला. हाताच्या बोटाएवढा काळा तुकडा. अण्णा तो कागदात गुंडाळून घरी घेऊन आले, कशासाठी ते त्यांनाच माहीत.

आई मेथी निवडत बसली होती. अण्णा तिच्यासमोर खाली बसले, चप्पल घालूनच. "तू म्हणत हुतीस तेच निघालं," ते म्हणाले. "काटाच झोपत हुता. तापला की. सगळं तू म्हणलीस तसंच." आणि मग बॅटरीचंही सांगितलं, अडखळत अडखळत, की रोज दोष गाडीत जमा होत होता आणि रोज ते स्वतःच पुसत होते. आईनं मेथीची जुडी पुरी केली. "बरं झालं सापडलं," म्हणाली.

"उद्यापास्नं तुझी बॅच तू घे. मी सगळ्या बायकांना फोन करतो."

"नको."

"आगं, आता नाय पडायची ती बंद. मी लिहून देतो."

आईनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग असता तर अण्णा वाचले असते. "अहो, त्या दिवशी तुम्ही गाडी चालू करून दाखवलीत सगळ्यांना. ते लोक गेले नं आपापल्या घरी. आता हे कुणाला दाखवणार आहात?"

दुसऱ्या दिवशी अण्णा त्या गृहस्थांकडे जाऊन सगळं सांगून आले. गृहस्थ म्हणाले, "असं का," आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यानंतर अण्णांनी बॅटरी कधी काढली नाही आणि गाडी कधी बंद पडली नाही. ड्रायव्हिंग स्कूल पुढं बरीच वर्षं चाललं. आई पुन्हा स्टिअरिंगवर बसली नाही, शेजारीही बसली नाही. कुठं जायचं असलं तर बस, नाहीतर रिक्षा. अण्णा तिला दर दसऱ्याला गाडीच्या पूजेला खाली बोलवत, ती येई, हळदकुंकू वाही आणि वर निघून जाई. मला वाटायचं, वेळ गेला की ती विसरेल. वेळ गेला. अण्णाही गेले.

आता मी वाघोलीला राहते आणि आई माझ्याकडे असते. गेल्या वर्षी मी नवी गाडी घेतली. आईच्या गुडघ्यांना आता बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ती नाइलाजानं माझ्या शेजारी बसू लागली आहे. पहिल्याच दिवशी नगर रस्त्यावरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन आपोआप बंद झालं. आजकालच्या गाड्यांत तशी सोयच असते. थंडगार गाडी, बाहेर रहदारीचा आवाज. आईनं दोन्ही हात पटकन मांडीवरून उचलून हवेत धरले, सगळ्यांना दिसतील असे, आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "मी काही नाही केलं गं."

मी तिला समजावून सांगितलं, पेट्रोल वाचावं म्हणून ती स्वतःच बंद होते, स्वतःच चालू होते. तिनं मान हलवली, तिला ते लगेच कळलं, तिला गाडीतलं सगळंच लगेच कळायचं. पुढच्या सिग्नलला इंजिन पुन्हा बंद झालं, आणि तिचे हात पुन्हा वर गेले.